टीचरची दुनळी

१९ ऑगस्ट, नापोक्लू

अखेर निघाले. निवृत्त झाल्यापासून म्हणत होते, पावसाने जरा उघडीप दिली की जीप काढायची, वरच्या डोंगरातल्या एकेका घरातली जुनी बंदूक बघायची आणि तिची हकीकत लिहून आणायची. पावसाने उघडीप दिलेली नाही. पण मला एकोणसाठ पूर्ण झाली. आता त्याची वाट कोण बघणार!

दोन वह्या घेतल्यात. मोठी बंदुकांची: कुणाची, कुठे बनली, कुणी कशावर झाडली. ही लहान माझी.

रश्मीचा बंगळूरहून फोन. "मम्मी, लोक रिटायर झाले की गुडघे सांभाळतात. तू बंदुका बघत फिरणार?"

"गुडघ्यांची हकीकत कुणी सांगत नाही गं," म्हटलं.

मग नेहमीचं. आजोबांची दुनळी बंदूक मामाकडे ठेव, घर बंद कर, माझ्याकडे ये. एकटी राहू नकोस. मी हो-हो म्हणून फोन ठेवला. त्या हो-होमध्ये या वेळी थोडं खरंही होतं. ते तिला सांगितलं नाही.

सोबत पेम्मय्या आहेत. गोणीकोप्पलच्या बाजारामागे त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी पंधरा वर्षं फौजेत हेच काम केलं. कैलपोदच्या सणाआधी ते दरवर्षी डोंगरातल्या घराघरांत जाऊन बंदुका साफ करून देतात. कैलपोदला, तीन सप्टेंबरला, बंदुका पूजेला बसतात आणि मग बंदुकीने नारळ फोडायची स्पर्धा होते. गंजकी बंदूक पूजेला कोण ठेवील? यंदा नेमका त्यांच्या जीपचा क्लच गेला. म्हणाले, "टीचर, तुम्ही जाताच आहात तर मला न्याल का?" मला रस्ते दाखवायला माणूस हवंच होतं, त्यांना चाकं हवी होती. दोघांचीही सोय झाली.

सामान मात्र फार आणलंय त्यांनी. हत्यारांची पेटी समजू शकते. पण वेताचं घडीचं स्टूल, रबरी पिशवी शेकायला, फ्लास्क. कारागिरांना काय काय लागतं!

या खोलीतला दिवा फारच मंद. अक्षर मोठं काढावं लागतंय.

२१ ऑगस्ट, पेरुमाडू

काल दिवसभर पाऊस, लिहिण्यासारखं काही नाही. दोन जळवा चढल्या, दोन्ही पेम्मय्यांच्या पायाला.

आज सुब्बव्वांचं घर. वय चौऱ्याऐंशी, दात सगळे, आवाज शाळेच्या घंटेसारखा. बंदूक ठासणीची, खांद्याला टेकतो तो दस्ता सागवानी, नळी पुरुषभर लांब. आणि हकीकत अशी:

सुब्बव्वा जन्मली त्या सकाळी आजोबांनी ही बंदूक उचलली आणि अंगणात बार काढला. मुलगा झाला की एक बार, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक आहे. खालच्या वाडीतले लोक नारळ, गूळ, कोंबडा घेऊन वर चढले. बघतात तर मुलगी. एकाने विचारलं, "मग बार कशाला काढलात?" आजोबा म्हणाले, "मला आनंद झाला म्हणून. तुम्ही मुलगा समजलात ती तुमची चूक. आता कोंबडा आणलाय तर ठेवा."

"मग ठेवला का कोंबडा?" मी विचारलं.

"ठेवला. आणि पुढची सहा वर्षं मला ‘बारवाली’ म्हणून चिडवलं," सुब्बव्वा म्हणाल्या. "शेवटी मी एकीचा दात पाडला."

नळीवर कोरलेली अक्षरं पेम्मय्यांनी वाचून दाखवली, मी उतरवून घेतली. माझा चष्मा या धुक्यात सारखा धूसर होतो.

जेवायला तांदळाची भाकरी आणि रानातल्या अळंब्यांची आमटी. सुब्बव्वा मला वाढता वाढता म्हणाल्या, "हा पेम्मय्या दरवर्षी अर्ध्या दिवसात बंदूक घासून पळतो. यंदा तीन-चार दिवस राहतो म्हणाला."

मी म्हटलं, "यंदा गंज जास्त आहे ना, पाऊस केवढा."

सुब्बव्वांनी माझ्याकडे बघून "हूं" केलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

२३ ऑगस्ट

आज जरा ऊन पडलं तेव्हा माझी दुनळी बाहेर काढली. बाबांची ही बंदूक मी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा खांद्याला लावली. त्यांना मुलगा होता, बोपण्णा. पण तो आवाजाला घाबरायचा. मग माझ्या हाती आली.

पेम्मय्यांनी फणसाला दुधाचा पत्र्याचा डबा टांगला. चाळीस पावलं. चार काडतुसं झाडली. डबा जागचा हलला नाही.

वारा होता. शिवाय डबा चकाकत होता. चकाकणाऱ्या वस्तूवर नेम नीट बसत नाही, हे कुणीही सांगेल.

पेम्मय्या माझ्या डाव्या अंगाला उभे होते. डबा काढला, पेटीत ठेवला. "वारा आहे," एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांनाही पटलं.

२४ ऑगस्ट

सबंध दुपार घरभर जवसाच्या तेलाचा वास. पेम्मय्यांनी सुब्बव्वांच्या मागच्या चुलीवर तेल तापवायला ठेवलं होतं. मी बघायला गेले तर माझ्याच दुनळीचा दस्ता सुटा करून फडक्यात गुंडाळलेला, वर तेल सोडताहेत.

"हे काय चालवलंय?"

"लाकडाने पाणी धरलंय, टीचर. आत्ता केलं तर पन्नास वर्षं बघायला नको."

मी म्हटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हो, विचारायला हवं होतं." आणि ओशाळले. पुन्हा तेल सोडायला लागले. रागवावं तर माणूस इतका मन लावून काम करत होता. मी कॉफी घेऊन तिथेच बसले. शिकंज्यात दस्ता आवळला, मधेमधे दोरा लावून बघायचे, पुन्हा पाव आटा फिरवायचे. तीन तास. एका शब्दानेही बोललो नाही आणि कंटाळाही आला नाही. शाळेतल्या शिक्षकखोलीत मला दहा मिनिटं गप्प बसवायचं नाही.

२५ ऑगस्ट

बिघडवली! खांद्याला लावली तर दस्ता गालाला येतच नाही. नळीच्या टोकाची माशी, नेम धरायची खूण, भलतीकडेच पळते. पंचेचाळीस वर्षं ही बंदूक मी डोळे मिटून खांद्याला लावली असती.

पेम्मय्यांवर ओरडले. म्हणजे शाळेच्या मैदानावर खेळाच्या तासाला ओरडायचे तशी. दोन मळ्यांपलीकडे ऐकू गेलं असेल.

ते खाली मान घालून म्हणाले, "ओलं लाकूड सुकताना कधी कधी फिरतं. चारआठ दिवस जाऊ द्या. नाहीतर… एकदा डाव्या खांद्यावर धरून बघा."

"मी डावखुरी आहे का?"

"नाही, टीचर."

"मग?"

ते पेटी आवरायला लागले. दिवसभर गाडीत बोलले नाही मी. संध्याकाळी गुडघा ठणकत होता. खोलीत गेले तर शेकायची रबरी पिशवी गरम पाणी भरून खाटेवर ठेवलेली. बहुतेक त्यांनी स्वतःसाठी भरली आणि विसरले. वापरली.

२६ ऑगस्ट

ही वही मीच वाचणार. इथे तरी खोटं कशाला.

वारा नव्हता त्या दिवशी. चष्म्यावर धुकंही नसतं. उजव्या डोळ्यापुढे गेल्या फेब्रुवारीपासून मलमलीचा पडदा आहे. आधी विरळ होता, आता दाट झालाय. डावा हाताने झाकला की पेम्मय्यांचा चेहरा दिसत नाही, नुसती मिशी असल्याचा भास होतो. डॉक्टरकडे गेले नाही. गेले की तो नाव सांगणार, रश्मी धावत येणार, आणि मग दुनळी बोपण्णाकडे, मी बंगळूरला, चौदाव्या मजल्यावर.

या वेळी निघाले ती बंदुकांच्या हकिकती लिहायला, हे खरंच. पण मनात हेही होतं की एकदा सगळं फिरून बघून घ्यावं आणि कैलपोदला बंदूक बोपण्णाच्या घरी देव्हाऱ्यात ठेवली की परत उचलू नये. कुणाला काही सांगायचंही नाही. गुडघा दुखतो म्हणायचं.

लिहिलं. बरं वाटलं. आता झोप येईल.

२७ ऑगस्ट, मुक्काट

आजचा दिवस फार चांगला गेला.

उत्तय्या, वय एक्क्याण्णव, जुने फौजी. मुक्काटच्या अगदी वरच्या टोकाला घर, पुढे रस्ताच नाही. बायको अक्कव्वा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून अजून त्यांना "पोरगी"च. दोन मुलगे, एक ऑस्ट्रेलियात, एक दुबईला.

बंदूक भिंतीवर, ठासणीची, त्यांच्या पणजोबांची. बार पेटवणारी टोपी बसते ती बारीक नळी गंजून बुजलेली. पेम्मय्यांनी सगळी खोलून तेलात भिजत घातली. तेवढ्या वेळात उत्तय्यांनी मला हकीकत सांगितली ती तीन तास. एका वाघाची, एका रुसलेल्या जावयाची, आणि एका रात्री पणजोबांनी भूत समजून झाडलेल्या स्वतःच्याच धोतराची. हसून हसून माझा चष्मा ओला झाला. अक्कव्वा मधेमधे चुका काढायच्या. "वाघ नव्हता, बिबट्या होता." "मागच्या वर्षी दोन भोकं होती धोतराला, यंदा तीन कशी झाली?"

शेवटी उत्तय्या म्हणाले, "चला. मुलांनी कधी विचारलं नाही. तुझ्या वहीत गेलं, आता मला ओझं नाही."

मग पेम्मय्यांकडे वळून, "ही तुझी कोण रे?"

"टीचर आहेत."

"ते नाही विचारलं मी."

पेम्मय्या तेलाची वाटी घेऊन आत निघून गेले. म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी येतं, एकच प्रश्न दोनदा विचारतात.

२८ ऑगस्ट

उत्तय्या गेले.

सकाळी ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून गुळाची कॉफी प्यायले, पेला अक्कव्वांच्या हाती दिला, म्हणाले, "आज गोड जास्त झालीय," आणि मान कलली. मी तिथेच पायरीवर होते. अक्कव्वांनी पेला आत नेऊन धुतला, पालथा ठेवला, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मग खाली बसल्या.

मरण झालं की दोन बार. ते ऐकल्याशिवाय खालच्या घरांना कळायचं कसं? भिंतीवर बंदूक नव्हती, पेम्मय्यांच्या पेटीत सुटी पडली होती. त्यांनी काही न विचारता ओसरीच्या कडेला फडकं पसरलं आणि जोडायला घेतली. हात इतके शांत चालत होते की बघत राहावं.

एवढ्यात शेजारच्या मळ्यातला पुतण्या तम्मय्या धापा टाकत आला. हुबळीला बँकेत असतो, सुट्टीवर आलाय. बंदूक तयार झाल्यावर त्याने हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"मी कधी… ठासणीची नाही झाडलेली."

"टीचर झाडतील," पेम्मय्या म्हणाले.

"बाईमाणसाने बार काढायचा? मरणाचा?" तम्मय्या म्हणाला. "लोक काय म्हणतील, काका असते तर…"

अक्कव्वा खालूनच बोलल्या. आवाज अगदी साधा, मीठ संपलंय सांगावं तसा. "काका काल तीन तास हिच्याशी बोलत होता. पणजोबांपासून धोतरापर्यंत. या बंदुकीचं आज हिच्याइतकं तुला माहीत आहे? मला माहीत आहे? ही काढेल."

तम्मय्या बाजूला झाला.

पेम्मय्यांनी दारू भरली, ठासली, टोपी बसवली, माझ्या हातात दिली. मी अंगणाच्या कडेला गेले. खाली सगळं धुकं. बंदूक आभाळाकडे धरली. आणि तेव्हा लक्षात आलं, इथे नेम नकोच आहे. आभाळ कुणाला चुकतं? किती महिने मी खांद्याला बंदूक लावताना घाबरत होते, ते त्या क्षणी नव्हतं.

पहिला बार. धूर अंगावर आला. डोंगराने आवाज घेतला, पुढच्या डोंगराला दिला. पेम्मय्यांनी पुन्हा भरून दिली. दुसरा बार.

मग शांतता, आणि थोड्या वेळाने खालून एका घरातल्या कुत्र्याचं भुंकणं, दुसऱ्या घरातलं, मग फाटकाचा आवाज. लोक चढायला लागले होते.

मी रडले. दारूच्या धुराने डोळे जळतात, तसंही.

२९ ऑगस्ट

काल सगळं आटपून राहिलो, आजही राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना कॉफी, भांडी. पेम्मय्यांनी लाकडं फोडली, दार करकरत होतं ते नीट केलं, गळणारं कौल बदललं. मुलगे परवा पोचतील.

अक्कव्वांजवळ बसले होते. म्हणाल्या, "पासष्ट वर्षं बोलत होता गं तो. कान किटायचे. आज सकाळी दोन पेले कॉफी केली."

माझे यजमान माचय्या गेले तेव्हा मीही सहा महिने दोन पेले करायचे. तेच सांगितलं.

"मग थांबलीस कशी?"

"सवय झाली."

"सवय वाईट," अक्कव्वा म्हणाल्या. "एकटीने राहायची तर लावूच नये." आणि लाकडं फोडणाऱ्या पेम्मय्यांकडे बघत राहिल्या. लाकडं ओली होती, काळजी वाटली असेल.

गोणीकोप्पलहून आलेल्या एकाने पेम्मय्यांना हटकलं, "अरे, तुझी जीप काल तुझा पुतण्या वीराजपेटला घेऊन चालला होता. पळत होती की झकास!" म्हणजे क्लच झाला दुरुस्त. मी म्हटलं, "मग तुम्हाला परत जायचं असेल तर मी बसस्टँडवर सोडते." ते म्हणाले, "काम संपलं नाही अजून." कामाला चोख आहेत, हे मात्र म्हणायला हवं.

३१ ऑगस्ट, काक्कब्बे

आज ऊन. पेम्मय्याने पुन्हा तो डबा काढला आणि झाडाला टांगला.

"आता कशाला?" मी म्हटलं. "बंदूक बिघडवून ठेवलीत."

"एकदा डाव्या खांद्यावर धरा, टीचर. एकदा. नाही जमलं तर मी पुन्हा म्हणणार नाही."

वैतागून धरली. आणि दस्ता गालाला असा येऊन बसला की जणू तिथलाच होता. डावा डोळा आपोआप नळीवर. माशी काळीभोर, स्वच्छ, तिच्यापुढे डबा. डब्यावरचं गाईचं चित्रसुद्धा दिसलं! गाय आहे त्यावर, मला इतके दिवस वाटत होतं डाग आहे.

पहिला बार चुकला. डाव्या हाताला चाप ओढायची सवय नाही. दुसरा चुकला. तिसऱ्याला डबा उडाला तो थेट ओढ्यात.

शाळेत मी किती डावखुऱ्या पोरींना सक्तीने उजव्या हाताने गोळा फेकायला लावलं! नुसतं आठवून लाज वाटली. पेम्मय्याला सांगितलं तर तो हसला. हसला की त्याच्या मिशीची एक बाजू आधी वर जाते.

दिवसभर डाव्या खांद्यावर लावायचा सराव. लाकूड ओलाव्याने फिरलं ते बरोबर डावीकडे फिरलं, नशीब म्हणायचं.

मागची पानं चाळली. परवापर्यंत "पेम्मय्या म्हणाले" लिहीत होते, आज "तो हसला" लिहितेय. घाईत लिहिलं की असं होतं.

३ सप्टेंबर, बोपण्णाचं घर

कैलपोद. सकाळी बंदुका देव्हाऱ्यासमोर मांडल्या, चंदन लावलं, नळीत कळलावीची फुलं खोचली. बोपण्णाने, घरातला मोठा म्हणून, एकेकाच्या हाती बंदूक दिली. माझ्या हाती दुनळी देताना नेहमीसारखा तिला सांभाळून दूर धरून होता. अजून घाबरतो.

मी त्या वेळी ठरवल्याप्रमाणे ‘आता ही तुझ्याकडेच ठेव’ म्हणणार होते. ते म्हटलंच नाही.

दुपारी मैदानावर सगळं गाव. माडाच्या शेंड्याला बांधलेले नारळ, डुकराच्या मटणाचा वास, बायकांच्या रंगीबेरंगी साड्या. बायकांच्या गटात अकरा जणी. तीन-तीन बार. मी डाव्या खांद्यावर धरली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "टीचर, बंदूक उलटी धरलीत!" सगळे हसले. म्हटलं, "मी सुलटी आहे, तू उलटा उभा आहेस."

पहिला चुकला. दुसऱ्याने झावळी फाटली. तिसऱ्याला नारळ फुटला आणि पाणी खाली ऊन पडलं होतं त्यात चमकत आलं. पाण्याचा थेंबन्‌थेंब दिसला मला.

पहिला नंबर एकोणीस वर्षांच्या मुलीचा, तीनपैकी तीन. ती माझीच विद्यार्थिनी. मी चौथी. इतका आनंद पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

मग जेवताना तम्मुण्णी आला, बोपण्णाचा मेहुणा, जिल्ह्याच्या स्पर्धा खेळलेला. दुनळी उचलून सहज खांद्याला लावली, खाली घेतली, दस्ता वरून बघितला, एक डोळा मिटून खालून बघितला.

"चोंदक्का, ही तर डावखुऱ्याची बंदूक आहे. कुणी वाकवलाय दस्ता? सुरेख काम आहे. एका रेषेचा फरक नाही."

"ओलाव्याने फिरलाय तो," मी म्हटलं.

तम्मुण्णी हसला. "ओलाव्याला एवढी अक्कल असती तर मी माझीही पावसात ठेवली असती."

ताटातलं पुढचं काय खाल्लं ते आठवत नाही.

४ सप्टेंबर

सकाळी पेम्मय्या मागच्या पडवीत हत्यारं पुसत बसला होता. मी दुनळी त्याच्यासमोर ठेवली.

"हे तुम्ही केलंत."

"हो."

"मुद्दाम."

"हो, टीचर."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तेवीस तारखेला. डबा चुकला त्याचं काही नाही, कुणाचाही चुकतो. पण तुम्ही चारही बार झाडताना दोन्ही डोळे उघडे ठेवले होते. पूर्वी डावा मिटायचात. मी दर कैलपोदला बघतो."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? लहान मूल आहे मी? माझ्या बाबांची बंदूक मला न विचारता तापवता, वाकवता, वर खोटं सांगता?

तो बराच वेळ फडक्याची घडी करत राहिला. "तुम्ही कुणाला सांगत नव्हतात. मग मला कळलंय, हे तुम्हाला कसं सांगणार? वाटलं, बंदुकीचंच निमित्त होऊ दे." मग म्हणाला, "चूक झाली. परत वाकवून देतो. दोन दिवसांचं काम आहे."

"खबरदार हात लावलात तर!"

एवढ्या जोराने ओरडले की बोपण्णाची बायको बाहेर आली. आम्हा दोघांकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली.

मी वेताच्या स्टुलावर बसले. बसल्यावर समजलं की हे स्टूल त्याने या पंधरा दिवसांत एकदाही वापरलेलं नाही. तो कायम पेटीवर बसतो. स्टुलावर मी बसते. शेकायची पिशवी, फ्लास्क. सुब्बव्वांचं "हूं". उत्तय्यांचा प्रश्न.

छत्तीस वर्षं मुलींना शिकवलं, समोर बघा, समोर बघा म्हणून. डोळ्याचा पडदा उजव्या बाजूला होता. डाव्याने तरी दिसायला हवं होतं की नाही!

त्याने कॉफी ओतली, मी प्याले. मग मी म्हटलं, "मैसूरला डोळ्यांचा चांगला डॉक्टर माहीत आहे का तुम्हाला?"

"चार नावं काढून ठेवली आहेत," तो म्हणाला.

७ सप्टेंबर

रश्मीला फोन केला, डोळ्याचं सगळं सांगितलं. आधी रडली, मग भांडली, मग म्हणाली, मी येते. म्हटलं, ये, पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ये, आदल्या दिवशी तू नुसती घाबरवशील. "मग सोबत कोण?" म्हटलं, पेम्मय्या आहे. मग पोरीने अगदी हळू विचारलं, "बंदूकवाले पेम्मय्या अंकल? जे पप्पांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यात आधी येऊन खुर्च्या मांडतात, ते?"

मला ते माहीत नव्हतं. दर वर्षी खुर्च्या मांडलेल्या असायच्या, मी कधी विचारलंच नाही कोण मांडतं.

बंगळूरला येणार नाही, हेही सांगितलं. बंदुकांची वही अर्धीच झालीय. सोमवारपेटकडची घरं सगळी राहिली आहेत. तिने या वेळी वाद घातला नाही.

१९ सप्टेंबर, मैसूर, रुग्णालय

मोतीबिंदू. डॉक्टरांनी दाखवला तो, पडद्यावर ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा. उद्या सकाळी काढणार. दोनेक महिन्यांनी डावाही बघू म्हणाले. तो काढायचा झाला तर मधल्या काळात उजव्याने बघायचं. म्हणजे दस्ता परत उजवीकडे? पेम्मय्याला विचारलं. म्हणाला, "हवा तर दुसरा दस्ता करून ठेवतो. एक उजवा, एक डावा. आलटूनपालटून."

दुपारी नर्स कागद घेऊन आली. केरळची, चटपटीत. माझ्याकडून लिहून होईना, अक्षरं बारीक, म्हणून पेम्मय्या भरत होता. नाव, वय, गाव. तो पटापट लिहीत होता, छान वळणदार. मग पेन थांबलं. मी बघितलं, थांबूनच राहिलं.

"काय झालं?"

"इथे विचारलंय… सोबत आलेल्याचं रुग्णाशी नातं."

"मग लिहा."

"काय लिहू?"

मरणघरी न थांबता बंदूक जोडणारा हा माणूस पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. मी बघत राहिले. तीस वर्षं ओळखते या माणसाला. याच्या दुकानासमोरून बाजाराला जाता-येता किती वेळा मान हलवली असेल. आणि हा दर कैलपोदला उभा राहून बघत होता, मी कुठला डोळा मिटते ते.

"होणारा नवरा, असं लिहा," मी म्हटलं.

नर्सने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "अय्यो! कधी ठरलं?"

"आत्ता," मी म्हटलं. "ह्यांना विचारायचं राहिलंय. काय हो पेम्मय्या?"

त्याने मान हलवली. दोनदा. मग लिहिलं, तर नर्स म्हणाली, एवढ्याशा दोन शब्दांत चार चुका आहेत.

मग "कॉफी आणतो" म्हणून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला तर हात रिकामे. डोळे लाल. मी म्हटलं, कॉफी? तो म्हणाला, "कॉफी?"

सकाळी साडेसातला नंबर आहे माझा. नर्स वही मिटा म्हणतेय.